सगळ्यांना सारखी हवा

"तुम्ही माझ्या वडिलांची वाइन मारलीत," मुलगी म्हणाली आणि तिनं बाटली टेबलावर ठेवली. "मारलीत ती मारलीत, वर तिच्या मढ्यावर बसून विनोद केलात. मंडळ म्हणवता ना स्वतःला? मग आज उत्तर द्या."

बाटली तिनं आपटली नाही. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ बसलेला असतो. धक्का लागला की तो उठतो आणि वाइन गढूळ होते. एवढी संतापलेली असूनही तिनं ती दोन्ही हातांनी धरून, आवाज न होऊ देता टेकवली. टेबलापलीकडून नाकोबांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

टेबल लांब होतं आणि त्यावर पांढरी चादर होती, कारण वाइनचा रंग पांढऱ्यावरच कळतो. मोठ्या खिडकीतून सकाळचा उजेड सरळ चादरीवर पडत होता. पलीकडे ओळीनं पाच खुर्च्या आणि खुर्च्यांवर मंडळ. कोणती लाल वाइन कोवळी, कोणती पिकलेली, कोणती अजून ठेवावी आणि कोणती मोरीत ओतावी, हे या पाच जिभा ठरवत आणि त्यांचं म्हणणं दरवर्षी छापून निघे. या कामाला पगार नव्हता, नुसता मान होता. मान पगारापेक्षा वाईट. पगार निदान कापता येतो.

"बसा ना आधी," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा असे. "पाणी घ्या थोडं."

"पाणी घरून पिऊन आलेय."

"अगं," दाराजवळून आवाज आला. "साहेबांशी असं बोलू नये."

दाराजवळच्या खुर्चीवर तिचे वडील बसले होते. मांडीवर रिकामी पिशवी, तिची घडी दोन्ही हातांनी दाबून धरलेली. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या. इथं कोणीच चपला काढत नाही हे त्यांना आत आल्यावर दिसलं होतं, पण आता पुन्हा उठून घालायच्या कशा, म्हणून ते पाय खुर्चीखाली ओढून बसले होते.

"आप्पा, तुम्ही गप्प बसा. तुमच्या गप्प बसण्यानंच इथवर आलंय."

"गप्प बस म्हणतेस आणि गप्प बसल्याचा रागही करतेस," आप्पा म्हणाले. प्रयोगशाळेच्या बाई हसल्या. मंडळातल्या त्या एकट्याच अशा होत्या की ज्यांना हसू आलं तर त्या हसत.

मुलगी हसली नाही. ती ताठ उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणू लागली.

"‘पाहुणे उठून गेल्यावरची बैठकीची खोली. गाद्या अजून दबलेल्या, बोलायला कोणी नाही. वेळ टळलेली वाइन.’ पाठ झालंय मला. आमच्या गावात सगळ्यांनाच पाठ झालंय. मी दुकानात गेले की विचारतात, काय गं, गेले का पाहुणे?"

टोकाला बसलेल्या व्यापाऱ्याच्या नाकातून एक फुरका निघाला. त्यानं लगेच त्याचा खोकला केला.

"कोणी लिहिलं हे?" मुलगी म्हणाली.

"मंडळाचं मत एकत्रित असतं," अध्यक्ष म्हणाले. "कोणा एकाचं नसतं."

कोणीही नाकोबांकडे पाहिलं नाही. पाचव्या खुर्चीवरचे गृहस्थ, जे एरवी अध्यक्षांच्या मागोमाग मान हलवण्यापलीकडे काही करत नसत, तेसुद्धा छताकडे पाहू लागले. चार माणसं एकाच वेळी एका माणसाकडे न पाहण्याची खटपट करू लागली की लपत काहीच नाही. मुलीचे डोळे त्या ओळीवरून फिरत फिरत नाकोबांवर आले आणि तिथं थांबले.

नाकोबा हे काही खरं नाव नव्हे. मंडळात त्यांना आधी पाठीमागे आणि मग तोंडावर सगळे नाकोबा म्हणू लागले, आणि त्यांनी ते मोठ्या मनानं स्वीकारलं, म्हणजे मनातून त्यांना ते आवडलं. नाक त्यांचं खरंच तीक्ष्ण होतं. पण नुसत्या नाकाला कोण विचारतो? नाकोबांची ख्याती होती शब्दांची. कडक, तुरट, हिरड्या आवळणारी कोवळी वाइन समोर आली की इतर जण ‘उत्तम बांधा, तुरटपणा जास्त’ असलं काहीतरी पुटपुटत. नाकोबा म्हणत, "नवी कोरी चप्पल. देखणी आहे, पण अजून दोन वर्षं चावेल." हे छापून आलं की लोक ती वाइन मुद्दाम घेत आणि दोन वर्षं थांबत. गोडसर, गुबगुबीत, लगेच आवडणाऱ्या एका वाइनबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकणारी. दुसऱ्या भेटीत काय बोलणार?" ती वाइन करणाऱ्या माणसानं त्यांना नंतर कधी ओळख दाखवली नाही. नाकोबांना त्याचंही हसूच आलं होतं.

आज हसू येत नव्हतं. त्यांनी समोरच्या रिकाम्या ग्लासचा पाय दोन बोटांत धरला आणि तो चादरीवर गोल गोल फिरवत राहिले.

"उत्तर कसलं हवंय तुम्हाला?" अध्यक्ष म्हणाले. "अपिलाचा दिवस दिलाय मंडळानं. दुसरी बाटली आणलीत. उघडा, आम्ही चाखतो. आणखी काय करायचं?"

"सोमवारी यंत्र येतंय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वरच्या तुकड्यातल्या सगळ्या वेली उपटायला. माझ्या आजोबांनी लावलेल्या. याच वेलींची ही वाइन. आप्पांनी सांगून टाकलंय यंत्रवाल्याला. मी पाया पडले, भांडले, जेवण सोडलं. ऐकत नाहीत. म्हणतात, मंडळानं लिहिलंय ना, वेळ टळली, म्हणजे वेलच गेली. मंडळ खोटं कशाला लिहील?"

"खोटं नाहीच लिहिलं साहेबांनी," आप्पा म्हणाले. "वेलीसुद्धा म्हाताऱ्या होतात. आपल्याला आपलं माणूस म्हातारं झालेलं दिसत नाही, परक्याला दिसतं. मला अजून ती गोडच लागते. पण मी काय, मी बाप. आईबापाला पोर काळं दिसतं का कधी?"

"बघा," मुलगी म्हणाली. "हे असं. माझं ऐकत नाहीत, स्वतःच्या जिभेचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. म्हणून आलेय. नाहीतर तुमच्या दारात कोण येतंय?"

नाकोबांच्या हातातला ग्लास थांबला.

परीक्षेच्या दिवसाची रीत त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. उभी राहिली म्हणजे काय, गेले कित्येक आठवडे ती बसलीच नव्हती. मंडळाची ती रीत अध्यक्षांनी घालून दिलेली आणि अध्यक्षांना तिचा फार अभिमान. सकाळी सगळ्या बाटल्या एकाच वेळी उघडायच्या. कोणाची बाटली कोणती ते कळू नये म्हणून वाइन एकसारख्या काचेच्या सुरयांत ओतायची, सुरईला नंबर. आणि मग चाखायला बसायचं: आधी कोवळ्या, मग मधल्या, सगळ्यात शेवटी जुन्या. कोणावर अन्याय नको. सगळ्यांना सारखी हवा.

कोवळ्या लाल वाइनला हवा मानवते. जांभळी, शाईसारखी, दात रंगवणारी वाइन दुपारपर्यंत सुरईत राहिली की तिचा तोरा उतरतो, तुरटपणाचे कोपरे झिजतात, आतली चेरी आणि मिरी वर येते. जुन्या वाइनचं तसं नाही. ती वर्षानुवर्षं अंधारात श्वास धरून बसलेली असते. उघडली की ती एकदा, भरभरून, सगळं सांगते, आणि थोड्या वेळात संपते. हे त्या टेबलामागच्या पाचही जणांना ठाऊक होतं. लहान पोराला ठाऊक असावं तसं ठाऊक होतं. पण नियम अध्यक्षांचा होता, आणि न्यायाच्या नावानं केलेल्या नियमाला नावं ठेवणार कोण?

बाटल्या उघडताना बुचं तपासण्याचं काम नाकोबांकडे असे. कुजलेल्या बुचाचा वास लागलेली बाटली बाद, तिच्या जागी दुसरी. बाकी काही बोलायचं नाही. प्रत्येक सुरईतला घोटभर ग्लासात घ्यायचा, हुंगायचा, लागलंच तर जिभेवर फिरवून थुंकायचा आणि म्हणायचं, ‘बरोबर’ किंवा ‘बाद’. त्या सकाळीही ते तसेच सुरईमागून सुरई पुढं जात होते, बरोबर, बरोबर, बरोबर, अगदी हजेरी घेतल्यासारखे, आणि शेवटून दुसऱ्या सुरईपाशी आले.

तिथं ते थुंकायचं विसरले.

कितीतरी वर्षांत त्यांनी परीक्षेच्या सकाळी घोट गिळला नव्हता. तो गिळला. मग पुन्हा ग्लासात नाक घातलं. बाटल्या उघडणाऱ्या माणसानं विचारलं, "बाद का, साहेब?" आणि ते म्हणाले, "बरोबर." दुसरा शब्द नव्हता. म्हणजे होता. एक अख्खं वाक्य त्यांच्या डोक्यात तयार झालं होतं, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य. ते त्यांनी जपून ठेवलं. दुपारी ही वाइन समोर येईल तेव्हा म्हणायचं, सगळ्यांसमोर.

दुपारी ती आली. सुरईवर तोच नंबर. नाकोबांनी ग्लास उचलला तो जवळजवळ आनंदानं. आत काही नव्हतं. पातळ आंबटपणा, धूळ, आणि ओल्या पुठ्ठ्याच्या जवळ जाणारं काहीतरी. ते चपापले. त्यांनी नंबर पुन्हा पाहिला. मग त्यांना कळलं, आणि कळल्यावर त्यांनी काय केलं? त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होते. सगळे थकले होते, जिभा लाकडं झाल्या होत्या, व्यापारी जेवणाच्या गोष्टी काढत होता. ‘थांबा, ही सकाळी जिवंत होती, दुसरी बाटली उघडा’ असं म्हणायला एक श्वास पुरला असता. पण म्हणजे अध्यक्षांच्या तोंडावर त्यांच्या न्यायाला खुनी म्हणणं आलं. म्हणजे मागच्या सगळ्या वर्षांत अशा किती मेल्या हा प्रश्न आला. त्यात रीतच अशी होती, की ग्लासात जे आहे तेच सांगायचं, आणि ग्लासात तर मेलेलंच होतं.

"काय म्हणता, नाकोबा?" अध्यक्षांनी विचारलं.

आणि नाकोबांच्या तोंडून ते पाहुण्यांचं वाक्य आलं. आपोआप. सगळे खदखदून हसले. दिवसभराचा शीण गेला. व्यापाऱ्यानं टेबलावर थाप मारली. खरी गोष्ट ही, आणि ती नाकोबांनी नंतर स्वतःलासुद्धा कधी सरळ सांगितली नाही: ते हसू त्यांना आवडलं. सकाळचं वाक्य गेलं त्याचं दुःख त्या हसण्यानं भरून निघालं.

छापून आल्यावर त्यांच्या बायकोनं ते वाचलं. आधी तीही हसली. मग ताटं घेता घेता म्हणाली, "पण ज्यानं ती केली, त्यानंही वाचलं असेल ना हो?"

"नाव झाकून चाखतो गं आम्ही. कोणाची ते कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही. त्याला तर कळतं."

त्यावर नाकोबांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं होतं.

"उघडू का?" बाटलीवर हात ठेवून मुलीनं विचारलं.

"उघडा," अध्यक्ष म्हणाले.

बूच जुनं होतं, अर्ध्यात तुटलं. खुर्चीवरून आप्पा अर्धवट उठले. "राहू द्या आप्पा," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा तिनं हळूहळू, चिमटीनं काटा काढावा तसा वर आणला. बाटलीचं तोंड पुसलं. मग कोणी सांगायची वाट न पाहता तिनं पाचही ग्लासांत वाइन ओतली. शेवटी बाटली थोडी सरळ केली, गाळ मानेपाशी अडवला आणि थांबली.

"आत्ता घ्या," ती म्हणाली. "लगेच."

पांढऱ्या चादरीवर पाच ग्लास. मधोमध डाळिंबाच्या सालीचा रंग, कडेला विटकरी, अगदी काठाशी पाण्यासारखा फिका. चौघांनी ग्लास उचलले. नाकोबांनी ग्लासाच्या पायावर बोटं ठेवली, उचलला मात्र नाही. आत ती असली तर? या विचारानं त्यांचं मनगट जड झालं. नसली तर बरं, असंही मनात येऊन गेलं, आणि त्याची लाज पहिल्या लाजेवर चढून बसली.

प्रयोगशाळेच्या बाईंनी डोळे मिटले होते. "अहो," त्या म्हणाल्या. "ही तर ठणठणीत आहे. चामडं. तंबाखू. पानं कुजलेल्या रानासारखं काहीतरी, पण छान कुजलेलं. आणि संपतच नाही." त्यांनी थुंकायच्या भांड्याकडे पाहिलं आणि सरळ गिळून टाकलं. "मी नाही बाई थुंकत."

व्यापाऱ्यानं दोनदा नाक घातलं. "मानलं," तो म्हणाला. पाचव्या गृहस्थांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

मुलीनं टेबलाची कड धरली. इतका वेळ ती धरावी लागली नव्हती.

अध्यक्षांनी सावकाश चाखलं, सावकाश थुंकलं, रुमालानं ओठ टिपले. "उत्तम आहे," ते म्हणाले. "मंडळ मोकळ्या मनानं मान्य करतं. पण बघा, जुन्या वाइनच्या दोन बाटल्या म्हणजे दोन सख्ख्या बहिणी. एक ठणठणीत, दुसरी कायमची अंथरुणाला. बाटलीबाटलीत फरक असतो. त्या दिवशी जी आली ती गेलेली होती. ही आहे. म्हणजे आम्ही तेव्हाही खरं बोललो आणि आताही खरं बोलतोय."

"गेलेली नव्हती!" मुलगी म्हणाली. "तुम्ही सकाळी सुरईत ओतून दुपारपर्यंत ठेवलीत."

"सगळ्यांचीच ठेवतो."

"सगळ्यांची! तान्ह्या पोराला आणि म्हाताऱ्या माणसाला सारखंच उन्हात उभं करायचं, आणि म्हातारा पडला की म्हणायचं, याच्यात दमच नव्हता?"

"हा न्याय आहे," अध्यक्ष म्हणाले. "आणि ती उघडताना आधीच मेलेली नव्हती, हे कशावरून? सकाळी ती जिवंत होती असं सांगणारं कोणी आहे?"

खिडकीबाहेर एक गाडी मागे जाताना टूंटूं करत राहिली.

"बुचं कोण तपासतं तुमच्याकडे?" मुलीनं विचारलं.

"बूच तपासणं म्हणजे चाखणं नव्हे. बुचाचा दोष आहे की नाही, एवढंच बघतात. काय हो नाकोबा?"

नाकोबांनी मान हलवली. हो म्हणून हलवली. मान हलत असताना त्यांना ती दुसऱ्या कोणाची तरी असावी असं वाटलं, पण ती त्यांचीच होती, आणि ती पुरेशी हलून मगच थांबली.

"साहेब बरोबर बोलतायत," आप्पा दाराजवळून म्हणाले. त्यांचा स्वर मुलीची समजूत घालणारा होता, आणि समजूत घालताना स्वतःचीही घालणारा. "एक चांगली निघते, एक वाईट. म्हणजे भरवसा उरला नाही. पूर्वी असं नव्हतं. अख्खी रांग सारखी निघायची. वेल थकली म्हणजेच हे असं होतं. चल बाळ. साहेबांनी वेळ दिला, चाखून बघितलं, पुष्कळ झालं."

"आप्पा!"

"सोमवारी सकाळी लवकर येणार आहे तो. खालचं फाटक काढून ठेवायला लागेल."

बाटलीत अजून बरीच वाइन होती. मुलगी तिच्याकडेच पाहत राहिली. आत्तापर्यंत तिच्या अंगात जे काही ताठ होतं ते खांद्यांपासून उतरत गेलं, आणि ते उतरताना नाकोबांना स्पष्ट दिसलं. त्यांनी दुसरीकडे पाहिलं, तर तिथं आप्पा होते, अनवाणी, पिशवी उलगडत, उरलेली बाटली परत न्यायची की इथंच ठेवायची या विचारात पडलेले.

अध्यक्षांना दया आली. अशा वेळी त्यांना नेहमी येई, सगळं झाल्यावर. "असं करू," ते म्हणाले. "या बाटलीबद्दल मंडळ दोन बऱ्या ओळी लिहून देईल. घरी लावून ठेवा. आठवण राहील वेलींची. नाकोबा, तुमच्या शब्दांत होऊ द्या. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

सगळ्यांनी आता उघडपणे नाकोबांकडे पाहिलं. आप्पांनीही. आप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. होतं ते औत्सुक्य. ज्यानं आपल्या घराची टिंगल केली तोच माणूस आता आपल्या घराबद्दल काही चांगलं बोलणार, आणि ते ऐकायला आपण पुढं झुकलो आहोत याचा त्यांना संकोचही वाटत नव्हता.

नाकोबांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा काय बोलणार ते त्यांना माहीत नव्हतं, असं ते नंतर म्हणू शकले नसते. ते वाक्य कित्येक आठवडे त्यांच्या दाताखाली होतं.

"आधी काहीच नाही," ते म्हणाले. "मग वाळलेल्या गुलाबाची एक पाकळी. मग संत्र्याची साल, तव्यावर क्षणभर धरल्यासारखी. आणि सगळ्यात शेवटी इस्त्री केलेल्या सुती कापडाचा गरम वास. जणू कोणीतरी म्हातारं माणूस छान तयार होऊन बाहेर पडायला निघालंय आणि कोणाची वाट बघत दारात उभं आहे."

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी समाधानानं मान डोलावली. मुलीनं वर पाहिलं.

प्रयोगशाळेच्या बाईंनी आपला ग्लास पुन्हा नाकाशी नेला. एकदा, मग दुसऱ्यांदा. "संत्रं?" त्या म्हणाल्या. "मला नाही सापडत संत्रं. इस्त्रीचं कापड तर मुळीच नाही. ही सगळी चामडं आणि तंबाखू आहे हो." त्यांनी व्यापाऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला येतंय संत्रं?"

"छे."

"नाकोबांचं नाक," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "आपल्याला येत नाही ते त्यांना येतं. लिहून घ्या."

"साहेब," आप्पा म्हणाले.

ते उठून टेबलाजवळ आले होते. आग्रह करणाऱ्या यजमानाचा असतो तसा त्यांचा हात नाकोबांच्या ग्लासाकडे झाला होता. ग्लास होता तसाच भरलेला होता. काठाशी एकही ओघळ नव्हता.

"तुम्ही अजून घेतलीच नाही," आप्पा म्हणाले.

नाकोबांनी ग्लासाकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. व्यापाऱ्यानं हातातला ग्लास फार हळू खाली ठेवला.

"नाकाला लावलीसुद्धा नाही," आप्पा म्हणाले. ते तक्रार करत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि कळत नाही तोवर ते पुढं जाऊ शकत नव्हते. "मग हे कोणत्या बाटलीचं सांगितलंत?"

"आप्पा," मुलगी म्हणाली. तिला कळलं होतं. तिनं वडिलांचा दंड धरला, पण ओढला नाही.

"हे बघा, वेळ झालाय," अध्यक्ष म्हणाले. "मंडळापुढं आज आणखी..."

"थांबा साहेब," आप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मंडळाला थांबा म्हटलं असावं. त्यांचंच त्यांना नवल वाटलं, पण ते मागं हटले नाहीत. नाकोबांच्या तोंडाकडे ते असे पाहत होते, जसं वैद्याच्या तोंडाकडे घरचं माणूस पाहतं.

"संत्र्याची साल," ते म्हणाले. "या वाइनबद्दल माझे वडील म्हणायचे. मला वाटलं त्यांच्याबरोबर गेलं ते." त्यांनी हातातली पिशवी काखेत मारली. "साहेब, त्या दिवशी तुमच्यातल्या कोणी काय लिहिलं, का लिहिलं, ते मी विचारत नाही. माझं एवढंच. सोमवारी यंत्र येतंय. त्या सकाळी तुम्ही बाटली उघडलीत तेव्हा ती जिवंत होती की नव्हती? माझ्याकडे बघून सांगा."